मंद फेरीतलं पान

हंसा गेली ते सालवडच्या चाळीला मंगळवारी सकाळीच कळलं. बेटेगावच्या देवूला ते कळलं शुक्रवारी.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. हंसाचा नवरा भगवंत दाराबाहेर चटईवर बसला होता. चाळीच्या तोंडाशी त्याला देवू दिसला आणि त्याच्या मागं देवूची बायको नवसी. दोघं पळतच येत होती. देवूनं लग्नकार्यातला पांढरा सदरा घातला होता. छातीशी हिरवं लुगडं धरलं होतं, कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"दाजी, उशीर नाय ना झाला?" देवूला धाप लागली होती. "टीवीवर चार वाजता लिवलंय. हाटेलवाल्यानं वाचून दाकवलं, तसं हातातलं गवत टाकून निगालो. अजून येळ हाय ना? बाय कुठं हाय?"

भगवंताला आधी तो काय विचारतोय तेच कळेना. आणि कळलं तेव्हा उठून आत जावं आणि कडी लावून घ्यावी असं वाटलं.

नवसीनं उंबऱ्यातून आत पाहिलं. कोपऱ्यात दिवा तेवत होता. दिव्याखाली पीठ पसरलेलं होतं. तिला तेवढं पुरलं. ती तिथंच खाली बसली आणि नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक ओढत म्हणाली, "बस. बाय गेली. कदीच नेली तिला."

"आज लिवलंय," देवू म्हणाला. "आज दुपारी. मी दोनदा वाचाया लावलं."

पानावर 'आज' लिहिलेलं होतं हे खरंच. पण ते मंगळवारी लिहिलेलं होतं.

ते पान काय, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

बोईसर स्टेशनजवळ नागोरावांचं केबलचं दुकान होतं. साल त्र्याण्णव. घरोघरी फोन नव्हते, पण टीव्ही झाले होते. नागोरावांनी मुंबईहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि एका चॅनेलवर दिवसभर नुसती माहिती दाखवायला सुरुवात केली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. गाड्यांच्या वेळा, नळाला पाणी कधी, कुठल्या कारखान्यात माणसं पाहिजेत, रेशनवर रॉकेल कधी, कुठला डॉक्टर कोणत्या वारी बसणार, कोण वारलं, कुणाची म्हैस हरवली. एक पान थोडा वेळ थांबायचं, मग पुढचं. बघणाऱ्याला मागं जाता येत नव्हतं आणि पुढचं ओढून आणता येत नव्हतं. आपलं पान येईस्तोवर बसून राहायचं.

भगवंत मूळचा बीडकडचा. इथं एका कारखान्यात मीटर दुरुस्तीला होता, आणि पालघरला संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकला होता. पानं फिरवायचं काम त्यानं अंगावर घेतलं. हंसा दुपारची दुकानात बसून पानं टाइप करायची. तिचा हात चांगला चालायचा.

आधी सगळी पानं एका ओळीनं यायची. लोक कावले. "नागोराव, तुमचं गाडीचं पान येईस्तोवर गाडी वाणगावला पोचलेली असते," असं जो तो म्हणायला लागला. तेव्हा भगवंतानं डोकं चालवलं. ज्या पानाची पुष्कळ लोक वाट बघतात ते लवकर लवकर यावं, ज्याची थोडे बघतात ते उशिरानं आलं तरी चालेल. त्यानं तीन फेऱ्या केल्या, जलद, मधली आणि मंद. जलद फेरी बऱ्याचदा फिरली की मधलीतलं एक पान दिसायचं. मधली सगळी फिरून झाली की मंद फेरीतल्या एका पानाचा नंबर लागायचा.

कुठलं पान कुठल्या फेरीत, हे कसं ठरवायचं? त्याला नागोरावांनी तोड काढली. फळीवर वाट्या मांडल्या, एकेका पानाची एकेक. कुणी दुकानात येऊन किंवा फोनवर एखादं पान विचारलं की त्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. रविवारी वाट्या बघायच्या. भरलेली वाटी वरच्या फेरीत, रिकामी खालच्या. नवं पान आलं की त्याची वाटी रिकामीच असणार, म्हणून ते मंद फेरीच्या शेपटाला.

लोक खूश झाले. स्टेशनवर माणसं भगवंताला थांबवून सांगायची, "आता बरं झालं बघा." त्यालाही त्या युक्तीचा मोठा अभिमान होता.

"यात माझं-तुझं काही नाही," तो हंसाला म्हणायचा. "लोकच ठरवतेत."

"लोक म्हंजे कोण वो?" हंसा म्हणायची. "दुकानात येणारे आन फोन असणारे. पाड्यावरच्या माणसाचा चिंचोका कोण टाकणार?"

"त्यांनी यावं की दुकानात."

"आपल्यासाठी पान हाय हेच ज्याला ठावं नाही, तो ते विचारायला कसा यील?"

भगवंत हसायचा. तिला यातलं काय कळतंय, असं ते हसणं असायचं.

हंसाला माहेरचं कुणी उरलं नव्हतं. आईबाप लग्नाआधीच गेले होते, एक भाऊ होता तोही गेला. सालवडला बिऱ्हाड केलं त्या वर्षी चाळीसमोर केबलचे खांब पुरायला पाड्यावरच्या वारली आदिवासींची एक टोळी आली होती. भाऊबीजेचा दिवस होता. हंसा ताट घेऊन दारात उभी, आणि ओवाळायला कुणी नाही. समोर देवू खड्ड्यात कमरेइतका उतरलेला. तिनं त्याला हाक मारली. तो वर आला, हात सदऱ्याला पुसले आणि मुकाट्यानं पाटावर बसला. त्याच्या कपाळावर घाम होता, कुंकू ओघळलं. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हंसानं लक्ष दिलं नाही. तेव्हापासून दर भाऊबीजेला देवू यायचा. कधी काकड्या आणायचा, कधी नाचणी. भगवंताला 'दाजी' म्हणायचं हे हंसानंच त्याला शिकवलं होतं.

एकदा थट्टेत ती त्याला म्हणाली होती, "मी मेले की माहेरचं लुगडं तुझ्याच हातचं, बरं का."

"गप ऱ्हा ना बाय," देवू म्हणाला होता. "पन आनीन. सांगावा तेवडा धाड."

सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. तोवर तिला उचलत नाहीत. भगवंताच्या गावाकडं तशी रीत आहे.

चिंचोक्यांची गोष्ट घडली ती हंसा जायच्या दोनएक महिने आधी. देवू दुकानात आला होता. बरोबर पाड्यावरचे दोघंतिघं, हातात रिकामे डबे.

"दाजी, राकेलचं पान दिसतच नाय. आमी रेशनवर गेलो त राकेल येऊन गेलंबी. पोरं हाटेलात सकालधरनं बगत होती."

"येतं की पान. थांबायचं जरा."

"कवापरेन थांबाचं?"

"हे बघ," भगवंतानं फळीवरची वाटी उचलून दाखवली. "बेटेगावच्या रॉकेलची वाटी. आहे काही हिच्यात? तुमच्याकडं कुणी विचारतच नाही, तर मी काय करू?"

हंसा टाइप करायची थांबली. उठली, चिंचोक्यांच्या डब्यात हात घातला आणि मूठभर चिंचोके त्या वाटीत ओतले. "झालं," ती म्हणाली. "एवढ्यांनी विचारलं."

डबेवाले हसले. नागोरावही हसले. "वहिनींनी निवडणूक जिंकली बघा!"

भगवंताला ते हसणं झोंबलं. त्यानं वाटी उलटी केली आणि चिंचोके परत डब्यात टाकले, सगळ्यांसमोर. "ही लबाडी झाली. मी सगळ्यांना नियम सांगतो आन माझ्याच घरात लबाडी?"

देवू डब्याच्या कडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे बाय. आमी चंद्राच्या उजेडात जेवतो." आणि माणसं घेऊन गेला.

घरी आल्यावर ताट वाढताना हंसा एवढंच म्हणाली, "माझ्या भावासमोर मला चोर केलंत."

"नियम तो नियम," भगवंत म्हणाला आणि जेवला.

मंद फेरी नीट चालत नव्हती हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. जुनी पानं काढायची राहून जायची, त्यामुळं ती फेरी लांबतच गेली होती. आणि वीज गेली की कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. शुक्रवारची सुट्टी सोडली तर वीज रोज जायची. त्यामुळं शेपटाची पानं एरवी पडद्यावर यायचीच नाहीत. दुरुस्त करायला एक सबंध दिवस लागला असता. पण त्या पानांबद्दल तक्रार कुणाची येत नव्हती. ज्यांची येऊ शकत होती त्यांना भगवंतानं डबे घेऊन परत पाठवलं होतं.

सोमवारी हंसा नळावर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं. मंगळवारी पहाटे ती गेली. डॉक्टरांनी डोक्यात रक्त साकळलं असं काहीतरी सांगितलं. भगवंत मान हलवत राहिला.

सकाळी तिला घरी आणलं. शेजारच्या रंभाबाईंनी सगळं हाती घेतलं. वयानं मोठ्या, लातूरकडच्या, चाळीतल्या साऱ्या मयतींना त्याच असायच्या.

"माहेरचं कोण हाय रे हिचं, भगवंता?"

"देवू. बेटेगावचा."

एक बाई पुटपुटली, "वारल्याच्या हातचं लुगडं?"

"तिनं भाऊ मानला, मग तो भाऊच," रंभाबाई म्हणाल्या. "धाड कुणाला तरी सायकलवर."

एव्हाना नागोराव आले होते. तेच म्हणाले, "सायकल कशाला? पान टाकतो की. बेटेगावच्या हाटेलात आपला टीव्ही आहे. इथनं माणूस निघायच्या आत तिथं दिसंल." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चॅनेल सुरू झाल्यापासून निरोप घेऊन सायकलवर जायची सवय सगळ्यांचीच मोडली होती.

मग नागोराव भगवंताच्या कानाशी वाकले. "वरच्या फेरीत टाकू का? आज कुणाची तक्रार नाही व्हायची."

भगवंतानं हंसाच्या तोंडाकडं बघितलं. त्याला ती उलटी केलेली वाटी आठवली. तिनं मागितलं तेव्हा दिलं नाही, आणि आज स्वतःच्या घरचं म्हणून वर टाकायचं? देवू बघेल तर काय म्हणेल? लोक काय म्हणतील? मंद फेरीचं शेपूट पडद्यावर येत नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. नागोरावांनाही नाही.

"नेहमीसारखं टाका," तो म्हणाला.

नागोरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढा सरळ माणूस," असं ते बाहेर जाऊन कुणाला तरी म्हणाले. भगवंतानं ते ऐकलं. आणि खरं सांगायचं तर, तसल्या वेळीही, त्याला ते ऐकून बरं वाटलं.

चार वाजले. देवू आला नाही. साडेचारला वीज गेली. पाच वाजले. माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी रंभाबाईंनी आपल्या ट्रंकेतलं एक लुगडं आणून हंसाच्या अंगावर घातलं.

"कळवलं होतं ना?" कुणीतरी विचारलं.

"कळवलं होतं," भगवंत म्हणाला. आणि सगळे त्याच्याकडं बघत होते म्हणून पुढं म्हणाला, "नाही आला. मानलेला तो शेवटी मानलेलाच."

हे वाक्य त्यानं उच्चारलं. चाळीनं ते उचललं आणि तीन दिवस तेच बोललं जात होतं.

आणि शुक्रवारी कारखाने बंद, त्यामुळं वीज गेली नाही, आणि मंद फेरी शेपटापर्यंत पोचली.

चाळीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. देवू अजून उभाच होता, लुगडं छातीशी.

"कवा गेली?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी."

"मंग पान आज कसं?"

हीच ती वेळ होती. रंभाबाई ऐकत होत्या, नागोराव नव्हते, पण बाकी सगळे होते. भगवंतानं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते हे: "पान मंगळवारपासूनच होतं. तुमच्या बघण्यात आलं नसंल."

ते खोटं होतं, पण असं की कुणाला पकडता येऊ नये. पान मंगळवारपासून खरंच फेरीत होतं.

देवू खाली बसला. "मंगलवारी आमी गवत भरत होतो," तो नवसीला म्हणाला. "बुदवारीबी. हाटेलात गेलो त चा पिऊन लगेच उटलो. बगत बसलो नाय." मग भगवंताकडं वळून म्हणाला, "चूक झाली दाजी. बाय वाट बगत ऱ्हायली आसंल."

नवसी भगवंताच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"हे नवसीचं लुगडं," देवू म्हणाला. "दुकान उगडं नव्हतं, म्हनून तिनं आपलं दिलं. अजून नेसली नव्हती. आता परत कसं न्याचं? बायच्या नावचं हाय." त्यानं ते उंबऱ्यावर ठेवलं, कपाळ टेकलं आणि उठला.

जाताना चाळीतला एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आले, तीन दिवसांनी आले!" देवूनं मान खाली घातली. भगवंतानंही.

दहाव्याला देवू आला नाही. नवसी आली, लांब बसली, जेवली नाही. निघताना भगवंताजवळ येऊन म्हणाली, "दाजी, तुमी येकदा घरी या. त्याला काय तरी सांगा. तो कामावरनं येतो त्यो हाटेलातच उबा ऱ्हातो. ते नीलं चॅनल लावाया सांगतो. माणसं गानी लाव म्हणून शिव्या देतात, पन त्यो हालत नाय."

"काय बघतो?"

"पानं."

पुढच्या सुट्टीला भगवंत सायकल घेऊन बेटेगावला गेला. लुगडं पिशवीत घेतलं होतं. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं. हॉटेल रस्त्यालगतच. बाहेर बाकावर चारदोन माणसं, आत भिंतीवर उंच टीव्ही. टीव्हीखाली देवू उभा होता, मान वर करून.

"काय रं देवू," बाकावरचा एकजण म्हणत होता, "आता कोन मरायची वाट बगतो?"

"याला हाटेलवाल्यानं पगार दिला पायजे, टीवीचा राखणदार!"

देवू मान न वळवता म्हणाला, "हसा तुमी. बायचं पान चुकलं माजं. आता येकबी नाय चुकवाचं."

त्याला नीट वाचताही येत नव्हतं. पान बदललं की तो हॉटेलवाल्याला विचारायचा, "ह्यात काय हाय?" हॉटेलवाला चहा गाळता गाळता सांगायचा, "डहाणूची गाडी." थोड्या वेळानं पुन्हा, "ह्यात?" "तेच. गाडी."

भगवंत रस्त्यावर सायकल धरून उभा राहिला. त्यानंच बांधलेली जलद फेरी त्याच्यासमोर फिरत होती. गाडी, पाणी, सिनेमा, गाडी. देवू प्रत्येक पान पहिल्यांदाच आल्यासारखं बघत होता. भगवंतानं सायकल वळवली. देवूनं त्याला पाहिलं नाही.

तिथून तो थेट दुकानात गेला. दिवसभर बसून त्यानं सगळं बदललं. जुनी पानं काढली. वीज गेली तर फेरी जिथं तुटली तिथूनच पुढं जावी अशी सोय केली. आणि एक नवा नियम घातला. जे पान जितका वेळ ताटकळेल तितका त्याचा हक्क वाढत जाईल. कुणी विचारो न विचारो, ते ताटकळणंच चिंचोक्यांच्या जागी धरायचं.

नागोरावांनी डोकं खाजवलं. "म्हणजे म्हशीचं पान गाडीच्या पानाच्या डोक्यावर बसणार?"

"कधीतरी बसंल."

"लोक शिव्या घालतील, भगवंतराव."

"घालू द्या."

"तुम्हीच म्हणायचात, लोक ठरवतील ते."

"ते चुकलं होतं," भगवंत म्हणाला. एवढं तरी त्याच्या तोंडून निघालं. पण ते पानांबद्दल होतं, आणि ऐकायला फक्त नागोराव होते.

"वहिनींचं पान काढू का आता?" नागोरावांनी हळूच विचारलं. ते अजून फेरीत होतं. अजून त्यावर 'आज' होतं. भगवंतानं ते स्वतः काढलं.

बेटेगावच्या रॉकेलचं पान आता वेळेवर दिसतं. पाड्यावरची माणसं भरलेले डबे घेऊन जाताना दुकानाशी थांबतात आणि "बरं झालं, दाजी," म्हणतात. देवूचं ऐकून आता सगळेच त्याला दाजी म्हणतात. तो मान हलवतो, पण वर बघत नाही.

नवसी बाजाराला येते तेव्हा चाळीवरून जाते. थांबत नाही. देवू अजून हॉटेलात उभा राहतो, असं ऐकू येतं. चाळीत अजून कधी विषय निघाला तर कुणीतरी म्हणतं, मानलेला तो मानलेलाच. रंभाबाई त्यावर काही बोलत नाहीत, भगवंतही नाही.

लुगडं हंसाच्या पेटीवर आहे. घडी मोडलेली नाही. पान मंगळवारी बेटेगावला दिसलंच नव्हतं, हे भगवंतानं देवूला अजून सांगितलेलं नाही.